बेडूक, गाढव आणि लंगडा कुत्रा

लोम, ६ नोव्हेंबर

लाचो,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच: बाबा जिवंत आहेत. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुझ्या मनात आधी तेच येणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. फोनवर मला रडू येतं आणि तू गप्प बसतोस. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होतं.

बाबांना आता आठवत नाही. सुरुवात चष्म्यापासून झाली, मग गॅस, मग घराचा रस्ता. हल्ली आई बाजारात गेली आहे असं ते समजून चालतात. मी आधी सांगायची की बाबा, आईला जाऊन किती वर्षं झाली. ते प्रत्येक वेळी नव्यानं ऐकायचे आणि प्रत्येक वेळी नव्यानं कोसळायचे. मग मी सांगणं सोडलं. आता मीही म्हणते, येईल इतक्यात.

सकाळी मी बसस्थानकात तिकिटाच्या खिडकीवर असते, तेव्हा शेजारच्या त्सोनाबाई त्यांच्यापाशी बसतात. त्सोनाबाईंची दोन्ही मुलं स्पेनमध्ये. आपल्या जिन्यात आता एकही लहान मूल राहिलेलं नाही. बाबा संगीत शिकवायचे ती शाळा तर बंदच झाली. शेवटच्या वर्षी एक मुलगी होती, तीही आईबापांबरोबर इटलीला गेली. बाबांनी पोरांसाठी पियानोवर एवढी जनावरं रचून ठेवली, एकेका जनावराची एकेक धून, आणि वाजवायला गावात पोर नाही.

खरं सांगायचं होतं ते हे. गेल्या आठवड्यात मी पियानोची धूळ पुसत होते आणि पाय दुखले म्हणून स्टुलावर टेकले. बाबा दारात आले, थांबले, स्वतःच्या केसांवरून हात फिरवला आणि त्यांच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आलीस का? नाव काय तुझं?"

मी म्हणाले, नेदा.

"आई बाहेर थांबली आहे?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, माझं बोट धरलं आणि मधल्या पट्टीवर ठेवलं. "हा बेडूक," म्हणाले, "या हातातून त्या हातात उडी मारतो. घाई करायची नाही. बेडूक आधी बसतो, विचार करतो, मग उडी मारतो."

मी त्रेपन्न वर्षांची आहे लाचो. केस पिकलेत. त्यांना ते काहीच दिसलं नाही.

तुला आठवणार नाही, तू फार लहान होतास. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला पियानोपाशी उभं केलं, एक सूर वाजवला आणि गाऊन दाखव म्हणाले. मी गायले. त्यांनी झाकण लावलं. "हिचा कान लाकडाचा आहे," आईला म्हणाले, आणि मला म्हणाले, "जा, बीन्स निवड." पुढे तू मोठा झालास आणि ते स्टूल तुझं झालं. तो बेडूक, ते गाढव, ते सगळं तू वाजवायचास आणि मी भिंतीपलीकडे भांडी घासायची. मला सगळी जनावरं पाठ होती. फक्त कधी हात लावला नव्हता.

ये असं म्हणत नाही. आईच्या मातीनंतरच्या जेवणात ते जे बोलले, ते मीही ऐकलं होतं. "मी पोराला दोन हात दिले, त्यानं त्या हातांनी ट्रकचं चाक धरलं." तू ताट तसंच टाकून संध्याकाळच्या गाडीनं जर्मनीला गेलास तो गेलास. तुझ्या खोलीत आता आम्ही खारवलेल्या कोबीचं पिंप ठेवतो. वास येतो, पण थंडावा तिथेच चांगला असतो.

फक्त तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुझी नेदा

लोम, १२ जानेवारी

लाचो,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी का होईना, लिहिल्यास. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात, वय. गोळ्या देते. बाकी बाबा बरे आहेत. नाताळात न्हाणीघरात जरा घसरले, त्याचं विशेष काही नाही.

तू विचारलं नाहीस, तरी शिकवणीचं सांगते. दुपारची जेवणं झाली की ते जाकीट घालतात आणि पुढच्या खोलीत जाऊन बसतात. मी भांडी तशीच टाकते, एप्रन काढते, बाहेरच्या दाराशी जाऊन घंटा वाजवते आणि आत येते. घंटा वाजवली नाही तर त्यांना पटत नाही. एकदा त्सोनाबाईंनी जिन्यात मला आपल्याच दाराची घंटा वाजवताना पाहिलं. म्हणाल्या, "बापामागोमाग तुझंही डोकं फिरलं काय गं?" मी म्हटलं, फिरलं असेल.

रोज पहिलाच दिवस असतो. रोज नाव विचारतात, रोज बेडूक. पण हात माझे आहेत ना, ते विसरत नाहीत. बेडूक धड वाजला की ते भुवया उचलतात आणि म्हणतात, ही पोर पुढे जाईल. मग गाढव काढतात. गाढवात डावा हात दोन पट्ट्यांवर अडून बसतो आणि उजवा त्याला दोरीनं ओढत असतो, तुला माहीत आहेच. माझा डावा हात उजव्याच्या मागे पळायचा. बाबा त्यावर स्वतःचा हात ठेवायचे, जड, गरम. "अडून राहा," म्हणायचे, "गाढवाचा मान ठेव."

आता लंगड्या कुत्र्यापर्यंत आले आहे. बंदरावरचा तो कुत्रा, आई ज्याला पाव टाकायची, तोच ना? दोन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. लोकांच्या लग्नांत या सात मात्रांवर मी आयुष्यभर नाचले, पण बोटांत यायला महिना गेला. आला तेव्हा बाबा खिडकीकडे बघत बसले आणि त्यांचा एक पाय जमिनीवर लंगडत राहिला.

लाचो, हे तुझ्या बायकोला, आन्केलाही सांगू नकोस. दुपारी तिकिटाची खिडकी बंद केली की मी घरी जवळजवळ पळत येते. बाप असा झाला म्हणून रडायला हवं, ते कळतं मला. रडतेही. पण दुपारी नाही.

तुझी राल्का सहा वर्षांची झाली असेल. तिचा फोटो मी आईच्या फोटोशेजारी लावला आहे. नाव एकच असलं की लोक एकमेकांसारखे दिसू लागतात.

नेदा

लोम, २० मार्च

लाचो,

मी तुला नीट सांगितलं नव्हतं. न्हाणीघरात बाबा पडले तेव्हा खुब्याचं हाड मोडलं. व्हिदिनला नेऊन ऑपरेशन केलं. आता चालायच्या लोखंडी चौकटीचा आधार घेऊन चालतात, तेही पियानोपर्यंत आणि परत. पाठीला उशी लावली तर बसू शकतात. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड जुळतं, माणूस जुळत नाही. दवाखान्यात त्यांनी नर्सची बोटं धरली आणि पांघरुणावर तिला बेडूक शिकवला. ती बिचारी शिकलीसुद्धा.

बंदराजवळच्या चिमणीवर करकोचे आले. रिवाजाप्रमाणे मी मार्चच्या सुरुवातीला मनगटावर बांधलेला लाल-पांढरा दोरा सोडून जर्दाळूच्या झाडाला बांधला, बाबांचाही सोडला. त्यांनी विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, करकोचा दिसला. लगेच बोटांनी चौकटीवर करकोच्याच्या धुनेतली चोच वाजवून दाखवली. तेवढं अजून आहे.

आता मात्र म्हणते, ये.

मी समेटासाठी बोलावत नाही. समेट करायला दोघं लागतात. तुझ्यावर रागावलेला तो माणूस आता या घरात राहत नाही, लाचो. त्याच्या जागी एक म्हातारे मास्तर आहेत, सगळ्यांशी गोड बोलतात आणि मुलांची वाट बघतात. तुला ते ओळखणार नाहीत. तुला बोल लावायला त्यांच्यापाशी काही उरलेलं नाही. तुझ्यापाशी उरलं असेल तर ते मात्र तुझं तुला सांभाळावं लागेल.

ईस्टरला ये. राल्काला घेऊन ये. त्यांनी एकदा तरी खरं मूल पाहावं.

पिंप मी बाल्कनीत काढते. खोली धुऊन ठेवते.

नेदा

लोम, २ मे

लाचो,

तुम्ही पोचलात, बरं झालं. राल्काचं चित्र मिळालं. पियानोला तिनं सहा पाय काढलेत.

तू येऊन गेलास, म्हणून त्या चार दिवसांचं तुलाच काय सांगायचं, असं वाटत होतं. पण अर्धा वेळ तू बाल्कनीत सिगारेटी ओढत होतास. बाबांनी तुला विचारलं, "आपण मुलीचे वडील? काय करता?" आणि तू म्हणालास, ट्रक चालवतो. तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. मला वाटलं, आता येणार, आठवण नसली तरी ते वाक्य येणार. ते म्हणाले, "लांबचे रस्ते. थंडीत हात जपा हं, हातमोजे घालत जा." किती साधं बोलले. तू उठून गेलास. मी तुझ्या मागे आले नाही, कारण तुला एकट्यालाच बरं वाटेल असं मला वाटलं. चुकलं असेल तर सांग.

तू बाहेर होतास तेव्हाचं सांगते. राल्का स्टुलावर चढली. पाय लोंबत होते. बाबांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. ते म्हणाले, "छान नाव. माझी बायकोही राल्का. बाजारात गेली आहे, येईल इतक्यात." पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला आपली सगळी भाषा कळत नाही, पण एवढं कळलं असावं. ती म्हणाली, "हो, येईल." तुझी मुलगी शहाणी आहे, लाचो.

बेडूक तिला एका बैठकीत आला. गाढवही. मला महिने लागले होते. लंगडा कुत्रा मात्र तिला जमेना. कुठेतरी एक मात्रा जास्त घालायची आणि कुत्रा सरळ चालायचा. बाबांनी तीनदा सांगितलं, मग हसायला लागले, अगदी खोकला येईपर्यंत. "कुत्रा बरा झाला!" म्हणाले. "जर्मनीहून औषध आणलं वाटतं!" त्यांना कुणी सांगितलं होतं जर्मनीचं? जेवताना ऐकलं असेल. ते हसू तू ऐकायला हवं होतंस. आपण लहान असताना ते असे हसत होते का? मला तरी आठवत नाही.

मी जरा जवळ जाऊन उभी राहिले, बघायला. ते मला म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा. मुलीला उजेड लागतो."

मी बाजूला झाले.

तुम्ही गेल्यावर मंगळवारी मी नेहमीसारखी भांडी टाकली, एप्रन काढला, घंटा वाजवली, आत आले आणि बसले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग फार नम्रपणे म्हणाले, "बाई, उठता का? आता मुलगी येईल."

कोणती मुलगी, मी विचारलं.

"दात पडलेली. हुशार आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी घंटा वाजवली नाही. आता ते दुपारभर जाकीट घालून बसतात आणि मी त्यांना सूप भरवणारी बाई आहे. बाई चांगली आहे, असं त्सोनाबाईंना सांगतात, स्वयंपाक करते, चोरी करत नाही.

तुला दोष देत नाही. मीच बोलावलं होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलावेन. ते हसले ना. पण तुला नाही तर कुणाला सांगू?

नेदा

लोम, २९ सप्टेंबर

लाचो,

बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले. उकडलेले गहू वाटले, चर्चमध्ये मेणबत्ती लावली. एक तुझ्या नावानंही. तू ट्रक घेऊन पोर्तुगालहून निघालास तोवर माती झाली होती, याचं मनाला लावून घेऊ नकोस. ऑगस्टच्या उन्हात इथे कुणी थांबत नाही. मी पादरींना विचारलं होतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

फोनवर तू विचारलंस, शेवटी ते कसे होते, आणि मी शांत होते म्हणाले. ते खरं आहे, पण सगळं नाही.

जूनपासून ते अंथरुणालाच लागले. पियानोपर्यंत आणणं जमेना. दुपार झाली की जाकीट मागायचे, मी शर्टावरून नुसतं पांघरायची. ते दाराकडे बघत राहायचे. मुलगी आली नाही का? येईल. आली नाही का? येईल. एका दुपारी मला ते सहन झालं नाही. मी पुढच्या खोलीत गेले, मधलं दार थोडं लोटलं आणि बेडूक वाजवला.

आतून आवाज आला, "घाई नको! आधी बसू दे त्याला!"

मी पुन्हा वाजवला. ते म्हणाले, आता गाढव.

उरलेला उन्हाळा असाच गेला. त्यांना मी दिसत नव्हते, त्यामुळे अडचण नव्हती. भिंतीपलीकडून ते चूक पकडायचे. डावा हात हलला की ओरडायचे. आवाज खोल जात चालला होता, पण कान तसाच होता. लंगडा कुत्रा मी पहिल्यांदा वाजवला तेव्हा भीती वाटली, कारण ते ज्या मुलीची वाट बघत होते तिला तो जमत नव्हता. मी नीट वाजवला. लंगडत, दोन, दोन, तीन. मग म्हणाले, "छान. छान, राल्का."

आता ती तुझी राल्का की आई, हे मी विचारलं नाही. माझं नाव त्यात नव्हतं, एवढंच. पण शाबासकी तर माझ्याच बोटांना होती, म्हणून घेतली.

त्या दिवशीही वाजवत होते. गाढव संपलं आणि आतून काही आलं नाही. मी कुत्रा वाजवला. मग करकोचा. मग उठायला हवं होतं, तरी मी सगळी जनावरं एकेक करून वाजवली, कारण उठले असते तर कळलं असतं. शेवटचा सूर थांबला तेव्हा उठले. डोळे मिटलेले होते. जाकीट खांद्यावरून घसरलं होतं. ते नीट केलं.

दारावर मृत्यूची सूचना चिकटवली. मला वाटलं, कोण वाचणार? जिन्यात आहे कोण? पण बसमधून उतरून माणसं आली. बाबांचे जुने विद्यार्थी, पन्नाशीचे, साठीचे, ढेरीवाले. एकानं कबरीपाशी मला विचारलं, बेडकाची शेवटची उडी कुठल्या पट्टीवर? मला विसरायला झालंय. मी सांगितलं.

आता तुझ्या विचारण्याचं. पियानो राल्कासाठी हवा म्हणालास. बरोबरच आहे. ती हुशार आहे, आणि आजोबांचा पियानो नातीकडे जावा, हे कुणीही म्हणेल. बाबांनीही म्हटलं असतं. जनावरांचे सगळे कागद मी उतरवून पाठवते. कुत्र्यावर मात्रा मोजून लिहीन, म्हणजे तिला तो पुन्हा आजारी पाडता येईल.

पियानो पाठवणार नाही.

रागानं नाही म्हणत. मला हवा आहे. असं मी या घरात कधी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहितानाही हात थांबला. तुला वाईट वाटेल, वाटू दे. तू परत बोलणं सोडू नकोस, एवढंच.

आणखी एक. त्सोनाबाईंच्या भाचीनं व्हिदिनमधल्या एका शिक्षिकेचा फोन नंबर दिला. फोन केला. आवाजावरून पोरगीच वाटली. म्हणाली, जागा आहे, मूल किती वर्षांचं? मी म्हणाले, चौपन्न. ती म्हणाली, गुरुवारी या.

काल गेले. खोली तिसऱ्या मजल्यावर, पियानो नवा, खिडकीत कुंड्या. तिच्याकडे मुलांचं रंगीत पुस्तक होतं, त्यातही जनावरं. अस्वल, ससा, मांजर. अस्वल वाजवायला दिलं. ते अस्वल बाबांचं नाही, फार नीटनेटकं चालतं, पण वाजवलं. मग ती म्हणाली, तुम्हाला येतं ते काहीतरी वाजवा.

मी वाजवलं. तिनं खिडकी लावली, बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं म्हणून, आणि पुन्हा वाजवा म्हणाली. पुन्हा वाजवलं.

"हात चांगला बसवलाय," ती म्हणाली. "कुणाकडे शिकलात?"

मी म्हणाले, "वडिलांकडे."

नेदा